गाळलेलं वाक्य

(दादाची खोली. टेबलावर कीबोर्ड आणि स्पीकर. स्क्रीन नाही.)

धाकटी : मग परत का पाठवलास? कोड चालत नाही का?

दादा : चालतो काय, पळतो. बटण दाबलं की आवाज हजर. इतकी वर्षं आम्हा आंधळ्यांना वाचून दाखवणारा हा प्रोग्राम सांभाळतोय, पण असं सुख कधी मिळालं नव्हतं.

धाकटी : मग घे की मुकाट्यानं. आमच्या कंपनीनं हा कोड सगळ्यांसाठी खुला करावा म्हणून किती जणांचे उंबरठे झिजवलेत मी.

दादा : म्हणून तर फोनवर न सांगता घरी बोलावलं. कोडसोबतच्या तुमच्या परवान्यात कॉपीराइटचं सगळं ठीक आहे. वापरा, बदला, वाटा. पेटंटचं काय?

धाकटी : ते वेगळं असतं रे.

दादा : तेच म्हणतोय. कोड दिलात, पण तो ज्यामुळे पळतो ती, पुढचं वाक्य आधीच तयार ठेवायची युक्ती तुमच्या पेटंटमध्ये अडकलेली. उद्या कुणी आमचा प्रोग्राम घालून स्वस्तातलं यंत्र काढलं, तर तुमचे वकील त्याच्या दारात.

धाकटी : आमचे साहेब तसे नाहीत.

दादा : साहेब बदलतात. कंपन्या विकल्या जातात. या कोडपुरतं पेटंट कुणावर चालवणार नाही, एवढं एक वाक्य परवान्यात हवं.

धाकटी : होतं ते.

दादा : कुठे?

धाकटी : मसुद्यात. कंपनीच्या वकीलबाईंनी गाळलं. मी म्हटलं, जाऊ दे, निदान कोड तरी सुटतोय. तुझ्यासाठीच घाई केली.

दादा : कळतं गं मला. पेटंटवर शोध लावणारी म्हणून नाव कुणाचं आहे?

धाकटी : माझं.

दादा : ऐकलं मी ते पेटंट. दोनदा लावून ऐकलं. ऊर भरून आला. पण त्याच पेटंटवरून कुणा गरिबाला नोटीस गेली, तर ते मला नाही ऐकवणार.

धाकटी : बरं, उद्या जाते परत बाईंकडे. हात जोडते. आणि नाहीच म्हणाल्या तर?

दादा : तर राहिलं. लोक जुन्या प्रोग्रामवर वाचतातच की.

धाकटी : निदान तुझ्या मशीनवर तरी राहू दे. तुला कोण विचारतंय?

दादा : नको. ते आधी काढून टाक.

धाकटी : का पण? घरात कोण बघायला येतंय?

दादा : सवय लागेल गं. मग उद्या वकीलबाई नाही म्हणाल्या, तर मलाच त्यांचं पटायला लागेल.