दोन मशीन, एक डिस्क

अस्मिता : थांब, दादा. काल आजीचं रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर छान वाजत होतं. आज नुसती खरखर. काय केलंस?

मिलिंद : काही पुसलं नाही गं. विहाराचे जुने फोटो स्कॅन करून टाकत होतो, बस.

अस्मिता : कुठे?

मिलिंद : मोठ्या डिस्कवर.

अस्मिता : ती तर मला दिली होतीस! 'माझ्या मशीनमधली डिस्क तुला वायरवरून देतो, स्वतःची समजून वापर.' तुझेच शब्द.

मिलिंद : हो ना. आणि मग मीही इथून माउंट केली, म्हणजे माझ्याही मशीनवर उघडली. एमआयडीसीत आमच्या कंपनीत एक शेअर फोल्डर दहा जण वापरतात, वाटलं तसंच चालेल. पण मी तुला फोल्डर नाही, अख्खी डिस्कच दिलेली. दोन्ही मशीनमधल्या लिनक्सना वाटलं, ही आपल्या एकट्याची. जिथे आजीचा आवाज होता, ती जागा माझ्या मशीनला रिकामी दिसली. तिथे फोटो बसले.

अस्मिता : रिपेअर?

मिलिंद : सकाळपासून तेच करतोय. नुसते तुकडे मिळतायत. रेकॉर्डरवर असेल ना?

अस्मिता : तो मी रिकामा केला. शेजारच्या दिनानाथकाकांचं बोलणं घ्यायचं होतं.

मिलिंद : झालं! रविवारी धर्मांतराच्या पन्नास वर्षांचा कार्यक्रम, आणि आपल्याकडे काहीच नाही.

अस्मिता : कार्यक्रमाचं सोड रे. छप्पन साली गावात असलेली आपल्या घरात ती एकटीच उरलीय. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे बोलली. आता पुन्हा कोण सांगणार तिला?

गंगूआजी : (चहा घेऊन आत येत) काय सांगायचंय मला?

मिलिंद : आजी, तुझं सगळं बोलणं गेलं. माझ्या चुकीनं.

गंगूआजी : समदं? सुपातनं देव नेले, नदीत सोडले, टाळ्या वाजल्या, ते?

अस्मिता : हो. हवं तर शिव्या दे, पण रुसू नकोस.

गंगूआजी : शिव्या कशाला? च्या घ्या. त्या दिसापासनं माझ्या जिवाला चैन न्हाई. तुम्ही माइक धरला, आन् मी कार्यक्रमाला शोभंल तेवढंच बोलले. सासू रडत व्हती, ते गिळलं.

मिलिंद : पणजी? ती तर सगळ्यांच्या पुढे होती म्हणालीस.

गंगूआजी : पुढंच व्हती. रडत रडत पुढं. तुझा आजा ल्हान असताना तापानं गेल्यात जमा व्हता. तिनं देवाला नवस केला, आन् पोरगं उठून बसलं. त्योच देव तिनं सोताच्या हातानं पाण्यात सोडला. म्हणली, 'आता माझं पोरगं मी सांभाळीन.'

अस्मिता : दादा, हे नव्यानं रेकॉर्ड करू. आधी तुझं माउंट काढ.

मिलिंद : काढलं. डिस्क कोरी करून फक्त तुला देतो. आणि सीडी निघेपर्यंत रेकॉर्डरवरचं काही पुसायचं नाही. कुणीच.

अस्मिता : आजी, रविवारी हे सगळ्यांपुढे लावू? रडण्याचं पण?

गंगूआजी : तेच लाव. टाळ्यांचं बाकीचे सांगतील.