लेबल माझ्या हातचं

अगो, त्या कुरिअरवाल्यानंच सांगितलं पोलिसांना, नायतर पोराला वीस वर्षांची सजा कशाला लागली असती, असं पुढच्या सीटवरची बाई शेजारणीला म्हणाली. पोलादपूरहून महाडला येणारी एसटी होती, मी खिडकीकडे तोंड फिरवलं. तो पोरगा म्हणजे माझा मावसभाऊ, उमरठचा सुशांतदादा. वेबसाइटवरून नशेचा माल विकायचा, निकाल लागून आठच दिवस झाले होते. आणि पोलिसांना सांगणारी मी, तिच्या मागच्याच सीटवर.

आम्ही मूळचे तुडीलचे, बुद्धवाडीतले. बाबा एमआयडीसीत केमिकल कंपनीत ऑपरेटर, म्हणून बिरवाडीत खोली घेऊन राहतो. मला इंग्लिश मीडियमला घातलं, तिथे मराठी बोललं की ओरडायचे आणि वाडीत इंग्लिश शब्द आला की हसायचे, मग मी बोलणंच कमी केलं, नुसतं बघत बसायची सवय लागली. बाबांचं एक वेड, काय सांगू तुम्हाला, घरातल्या प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. मीठ, साखर, सोडा. कंपनीत ड्रमवर लेबल नसलं तर ते हात लावत नाहीत, आणि ज्याने भरलं त्याची खाली सही पाहिजे. आई म्हणायची, माझ्या कपाळावर पण लावा एक, बायको म्हणून.

दादा मुंबईत कॉम्प्युटर शिकला. म्हणाला, गो, तुझं इंग्लिश चांगलं हाय, माझी साइट हाय आयुर्वेदिक मालाची, तू माहिती लिही, गिऱ्हाइकांना उत्तरं दे. मी त्याच्याच लॉगिनवरून लिहायचे. तो पाकिटांचे फोटो पाठवायचा, मी लिहायचे, डोंगरातला चहा, मन शांत करतो. तीन महिने लिहिलं. चहा कोण एकेक ग्रॅम घेतं, हे मला पहिल्याच आठवड्यात खटकलं होतं, पण विचारायला तोंड उघडावं लागतं ना. नाही विचारलं. ते माझं चुकलं, ते मी झाकत नाही.

मग एका दुपारी मेसेज आला. मित्र सकाळपासून उठत नाही, दवाखान्यात आणलंय, तुमच्या चहाच्या पाकिटातलं घेतलं होतं, डॉक्टर विचारतायत त्यात काय होतं. लेबल मी लिहिलेलं, आणि आत काय ते मलाच माहीत नाही. दादाला फोन केला, तो म्हणाला, ब्लॉक कर त्याला, डोकं नको लावू. मी म्हटलं, दादा, आत काय आहे? त्याने फोन ठेवला. तेव्हा मी उत्तर लिहिलं की तो चहा नाही, नशेचं काहीतरी असणार, डॉक्टरांना तसंच सांगा. बाबा पाळीवरून आले, त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी वाचलं, कंपनीचा शर्टसुद्धा बदलला नाही, म्हणाले, चल. पोलीस स्टेशनला साहेबांनी शब्द दिला की तुझं नाव बाहेर येणार नाही, तो त्यांनी पाळला. आणि साइटवर कोण लिहायचं ते दादानेही सांगितलं नाही, शेवटपर्यंत नाही. हे मला रोज आठवतं.

खटल्याला मी मावशीबरोबर मागच्या बाकावर बसायचे. एक दिवस पुकारा झाला आणि तो मुलगा साक्षीला आला, तोच, जो उठत नव्हता, आपल्या पायांनी चालत आला. मला इतकं हलकं वाटलं की ओढणी तोंडाला लावून रडले, मावशीला वाटलं दादासाठी रडते. वीस वर्षं मलाही जास्त वाटतात. दादा एकोणतीसचा आहे. मावशी म्हणते, त्यानं कुणावर हात नाय उचलला, खोलीत बसून बोटं तर चालवली. बोटं मी पण चालवली होती.

पण शंकरकाका, तो कुरिअरवाला. पार्सलं त्याच्या बिरवाडीतल्या दुकानातून जायची, आत काय ते बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. दादाला पकडल्यापासून सगळे त्याच्यावरच आळ घेत होते, त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आमच्यातलं कोणी गेलं नाही, मावशी तर त्याचं नाव निघालं की थुंकायची. त्या दिवशी मी महाडला उतरले, आणि घरी न जाता उलटी गाडी धरली, उमरठला गेले.

मावशी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने काय केलं ते आधी सांगते. सूप खाली ठेवलं, बराच वेळ खडे शोधत बसली, मग म्हणाली, तो साक्षीला आलेला पोरगा जगला ना? जेवून जा. दोन दिवसांनी बिरवाडीला आली आणि शंकरकाकाच्या दुकानात बसून चहा पिऊन गेली, सगळ्यांच्या देखत. माझ्याशी अजून पहिल्यासारखी बोलत नाही. बोलेल. मला आता झोप लागते. त्या दिवशी दारातच उभी राहून, चपलासुद्धा न काढता, मी एवढंच म्हटलं होतं, मावशी, शंकरकाकांनी नाही, मी सांगितलं.