कपाटातले ट्रॅक्टर

निरवांगीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत श्रेयाला डुलकी काढायची होती. पण पुढच्या बाकावर अंगणवाडीच्या कुशाबाई आपल्या नणंदेशी इतक्या तावातावानं बोलत होत्या, की तिची झोपच उडाली.

"वैनी, तुमी खरंच कुलूप फोडलं?"

"व्हय. दगडानं फोडलं."

"अवं, सरकारी कपाट ते!"

"कपाट सरकारी असंल वन्सं, खेळणी पोरांची हायती. तेलाच्या डब्याचं ट्रॅक्टर, बाटलीच्या बुचांची चाकं, समदं त्यांनी सोताच्या हातानं केलं. तवर हापिसातल्या मोठ्या मॅडम आल्या. म्हनल्या, छान हायती, कपाटात मांडा. पाव्हण्यांना दावायची हायती, पोरांना हात लावू देऊ नका. कुलूप मीच लावलं, किल्ली त्या घिऊन गेल्या."

"मग ऱ्हाऊ द्यायची चार दिस."

"तीन म्हैनं झालं! पोरं काचंला नाक लावून बसायची. परवा छकुली म्हनली, 'बाई, माझा ट्रॅक्टर मेला का?' मग माझं डोस्कंच फिरलं."

"आता नोकरीवर बेतलं की."

"बेतू दे. त्या दिशी अंगणात निस्ता धुरळा उडाला. दोन ट्रॅक्टर मोडलं, तर पोरांनीच पुन्यांदा जोडलं."

"आन् हापिसानं माफीनामा मागितलाय, त्याचं काय?"

"लिवलाय की. तोच द्यायला निघालेय."

कुशाबाईंनी पिशवीतून कागद काढला आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल असा वाचला.

"'पोरांनो, तुमची खेळणी मी तीन म्हैनं कोंडून ठिवली. माझं चुकलं. मला माफ करा.' खाली सही बी केलीया."