लिफ्टच्या जागी

बारामती स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बायकांची बऱ्याच दिवसांनी गाठ पडली होती.

“कुशाक्का, एवढं सामान घिऊन कुठं निघालीस?”

“इंदापूरला, लेकीकडं. आता तितंच ऱ्हायचं.”

“आन् आपल्या गल्लीतला नवा फ्लॅट?”

“कुलूप लावलं, भागू.”

“अगं, बिल्डिंगीसाठी वाडा पाडला तवा आमा भाडेकऱ्यांना उठवलं, पण तुला तरी जागा मिळाली म्हणून मला बरं वाटायचं.”

“मिळाली की, पाचव्या मजल्यावर. मी पयल्यासारखं दार उघडं ठेवायची, तर वॉचमन यायचा. म्हणायचा, आजी, दार लावा, लोक तक्रार करत्यात.”

“कोण लोक?”

“नवीन ऱ्हायला आलेले. मग लावाया लागले. अन् गेल्या म्हैन्यात बाथरूमात पडले.”

“आगं बया! उचललं कुणी?”

“दुपारभर हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या न्हाईत. मी फोन उचलंना म्हणून लेकीनं वॉचमनला वर धाडलं.”

“मी शेजारी असते, तर पयल्या हाकेला आले असते गं.”

“व्हय. तुझी खोली होती ना, तितं आता लिफ्ट हाय.”

गाडी लागली. भागूबाईंनी कुशाक्कांचं गाठोडं उचललं आणि खिडकीजवळची जागा धरायला लगबगीनं पुढं गेल्या.