झुडपाला बांधलेली पेंडी

नाही, पार्कवाल्यांची चूक नाही, हरणांची तर मुळीच नाही — चूक माझ्या बापाची. ईश्वरप्पा. आज सोमवार, येतीलच, दाखवतो तुम्हाला. ती पेंडी आधी खाली ठेवा, काका, मग बोलू. जमिनीवर नको? प्रसाद आहे? बघा, हेच. आप्पा हेच म्हणायचे — महादेवाच्या हातात हरीण असतं, त्याचा घास धुळीत कसा टाकायचा, म्हणून कडवळाच्या हिरव्या चाऱ्याची पेंडी सुतळीनं झुडपाला बांधायची. एकानं बांधली की दुसरा बांधणारच की. जुळे सोलापूरवरनं लोक स्कूटरवर पेंड्या घालून यायला लागले — वाढदिवसाला, निकालाला, नव्या फ्लॅटला. तुम्हीही आलातच ना?

आता समोर बघा. हरणं — बरोबर, हरणंच हरणं. आयतं खायला, मागं लांडगा नाही, भोवती तारेचं कुंपण. वाढतील नाही तर काय. पण त्यांची मान पोचते तिथवर बघा — वर पानं, खाली नुसत्या काड्या, सगळीकडं एका उंचीवर कात्री मारल्यासारखं. पेंडी ओढता ओढता फांदी मोडली, फांदीबरोबर पाला गेला, मग कोंब, मग उगवेल ते रोप. हितं बोराटीच्या जाळ्या होत्या. आत बुलबुलाची घरटी, खाली पाचोळ्यात सातभाई पाखरं कलकलाट करत किडे उलथायची. आता ऐका जरा — काही नाही ना? लपायला झुडूप नसलं की सातभाई राहत नाही, इतकं साधं आहे. पिल्लं ठेवायची कुठं त्यानं, आप्पांच्या टोपीत?

मला कसं कळतं? प्राणिशास्त्राला होतो मी, शेवटच्या वर्षाला. होतो म्हटलं ना — राहू द्या ते. आप्पांना हितं उभं करून दाखवलं. तर म्हणाले, "काल दात आले तुला, मला हरीण शिकवतोस? मुकी जनावरं जेवतात, तुझ्या का पोटात दुखतंय?" शेवटची एक जाळी उरली होती, तिच्यात सातभाईचं घरटं. पार्कवाल्यांना विचारून मी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. सोमवारी आप्पांनी स्वतःच्या हातानं त्या उपसल्या — पाडसाच्या डोळ्यात जातील म्हणे — आणि त्याच जाळीला पेंडी बांधली. घरटं खाली आलं. जनावरांची लई दया आहे हो आप्पांना, फक्त ते जनावर मोठं पाहिजे, देवाच्या हातात मावणारं.

आणि वर नवस बोललेत ते. कसला म्हणजे? कसला — माझाच. बसूला डिग्री मिळू दे, मग जन्मभर दर सोमवारी ट्रॉलीभर कडवळ. सिद्धरामाच्या देवळात बोलून बसले होते, आणि बोललेलं मोडणारा माणूस नाही तो. मग मी काय करायचं, पास व्हायचं? शेवटच्या पेपरला गेलोच नाही, हितं पार्कात ह्याच बाकावर बसलो होतो. वाटलं, डिग्री नाही तर नवस नाही. आता मी परत कॉलेजला जावं म्हणून बांधतात.

ती बघा, गेटातनं आली पांढरी टोपी. हात करू नका. माझ्यासमोरनं जातील, बघणार नाहीत. तुमची पेंडी गेटाला बांधा, नाहीतर त्यांच्या गळ्यात बांधा, पण झाडाला नको. उठा, जावा आता.

डिग्री गेली. बाप बोलत नाही. सातभाई एकही परत आला नाही.