उलटा चिकटवलेला उंट

आदरणीय अध्यक्ष, आपले उमदा म्हणजे गावचे पाटील हदाबसाहेब, टपाल कचेरीचे मोठे साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते सांडणीस्वार डाकवाले अदारोबकाका, आणि सिंकात गावच्या माझ्या भावाबहिणींनो,

मी ओकीर. सुएझच्या गोदीत पोती उचलतो. शिक्षण सही करण्यापुरतं, तेव्हा बोलणं वाकडंतिकडं झालं तर कॉफीबरोबर गिळून टाका.

सगळे काकांच्या उंटावर बोलले. मी तिकिटावरच्या उंटावर बोलतो. इंग्रज सरकारचं ते तिकीट, टपाल घेऊन निघालेला उंटस्वार. आमच्या घरात कुणाला लिहिता येत नाही. मी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "रिकामं पाकीट धाडत जाईन. उंट सरळ असला तर जनावरं उभी आहेत समज. उलटा दिसला तर हातातलं टाकून ये." बाबा सांगतील तसं तिकीट लावायचे काका.

दोन वर्षं उंट सरळ आला. मग उलटा आला.

खरं सांगू? मला यायचं नव्हतं. मुकादमाची जागा मिळणार होती. सोबतचा ताहिर म्हणाला, "तुमचा उंट बघ, पाय वर करून झोपलाय." मी हसलो. म्हटलं, "डाकवाल्या म्हाताऱ्याचे डोळे गेलेत." दुसरंही उलटंच आलं, तेव्हा ताहिरकडून इथल्या कचेरीला तीच तक्रार लिहवून धाडली. मग तिसरं आलं.

मी पोचलो तेव्हा कोरड्या विहिरीपाशी आमच्या उंटांची हाडं होती आणि बाबांच्या कबरीवर दगड रचून झाले होते. आई एवढंच म्हणाली, "तीनदा हाक मारली रे तुला."

कचेरीचे मोठे साहेब, मघाशी तुम्ही वाचलंत, 'दृष्टी अधू झाल्याने सेवेतून मुक्त.' त्या वाक्याच्या मुळाशी माझी तक्रार आहे. कोसभरावरून उंटाच्या मांडीवर डागलेली खूण बघून तो कुठल्या टोळीचा ते सांगणारा हा माणूस. काल मी विचारलं, "काका, मुद्दाम उलटं लावलं हे कचेरीत सांगितलं का नाहीत?"

म्हणाले, "ते तुझ्या बापाचं पत्र होतं. दुसऱ्याचं पत्र मी फोडत नाही."

म्हणून आज मी फोडलं.

बोलू दिलंत, आभारी आहे. भाषणाच्या शेवटी चुकलंमाकलं पोटात घालायला सांगतात. माझं घालू नका. काकांना थांबवायचं तर वयासाठी थांबवा. तेवढं ते डोळ्यांचं वाक्य, साहेब, इथे सगळ्यांसमोर खोडा. मी उभा आहे.