सौनाची भट्टी

मेर्वी : अरे, तू एवढ्यात कसा? दुपारच्या बसनं येणार होतास ना?

यार्क्को : एक जण गाडीनं इकडेच येत होता, बसलो त्याच्या शेजारी. ताई, ही पेटी धर जरा. जड आहे.

मेर्वी : काय भरलंयस हिच्यात?

यार्क्को : विटा, माती, नवी जाळी. सौनाची भट्टी लावून देतो. तिसरा उन्हाळा चाललाय बिघडून. युहान्नुसचा सण, आणि घरात कुणाला वाफेची आंघोळ नाही! शोभतं का आपल्याला?

सिर्का : आलास का रे? आधी कॉफी घे. हा तुझा कप.

यार्क्को : आई, पुन्हा कागदी?

सिर्का : धुवायची कटकट नको म्हणून रे.

यार्क्को : तुमचे दोघींचे तर चिनी मातीचे आहेत.

मेर्वी : पी ना गुपचूप. आणि भट्टीचं राहू दे आज. सणासुदीला कुठं विटा-माती काढतोस!

यार्क्को : अगं, कामच ते माझं. कार्यशाळेत वर्षभर लोकांच्या भट्ट्या लावतोय आणि आपल्या घरी दिव्याखाली अंधार.

सिर्का : कार्यशाळा म्हणजे ती तसल्यांची, तीच ना?

यार्क्को : तसल्यांचीच, नशा सोडलेल्यांची. मी तसलाच की.

सिर्का : हळू बोल! पाण्यावरून आवाज जातो. तळ्यापलीकडे हिल्क्का बसलीय अंगणात. ते औषध अजून घेतोस?

यार्क्को : रोज सकाळी.

सिर्का : म्हणजे एक सोडलं नि दुसरं धरलं. तू मनावरच घेत नाहीस. मनावर घेतलं की सुटतं माणसाचं.

यार्क्को : मग तुझी रक्तदाबाची गोळी सोड बघू मनावर घेऊन.

सिर्का : ते वेगळं.

यार्क्को : असेल. ही गोळी मला उठवते, कामाला लावते. नशा नाही येत तिनं, आई. बरं, मी भट्टी बघून येतो.

(यार्क्को पेटी उचलून तळ्याकाठच्या सौनाकडे जातो. दोघी पायरीवरच थांबतात.)

मेर्वी : आई, थांबव ना त्याला!

सिर्का : तू थोरली ना? तू थांबव. काहीतरी सांग.

मेर्वी : मला नाही सुचत आता. आधी जाळी जळली, मग धुराडं तडकलं... किती थापा मारू? सकाळी आपण सगळे न्हालो, भट्टीवरचे दगड अजून गरम असतील.

सिर्का : त्याच्या यायच्या आत उरकलं होतं गं आपण.

मेर्वी : हो. चोरासारखं.

सिर्का : तुझ्या मुलांसाठीच केलं ना? उघड्या अंगानं बसतात बिचारी त्या बाकावर. होडीतून परत आली का बघ. नाही? बरंय.

(यार्क्को सौनाकडून परत येतो.)

यार्क्को : आई, दगड गरम आहेत.

सिर्का : ऊन येतं रे तिथं खिडकीतून.

यार्क्को : बाकही ओले आहेत. न्हाताना अंगावर मारायच्या बर्चच्या ताज्या डहाळ्या टांगल्यात.

मेर्वी : यार्क्को...

यार्क्को : दर वर्षी?

मेर्वी : हो.

यार्क्को : आणि मी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, घरची भट्टी लावायला चाललोय म्हणून.

मेर्वी : तुला तो यकृताचा रोग झालाय ना, सुयांमधून होतो तो. एकाच बाकावरचा घाम... मुलं लहान आहेत रे.

यार्क्को : घामानं नाही लागत तो. कपानंही नाही. रक्तात रक्त मिसळलं तर लागतो. आणि मी बरा झालो, ताई. गोळ्या घेतल्या, गेला तो. झाली दोन वर्षं.

सिर्का : बरा झालास? मग बोलला का नाहीस?

यार्क्को : विचारलं कुणी? मला वाटलं, नाव काढलेलं आवडत नाही तुम्हाला. निदान आरोग्यकेंद्रात तरी विचारायचं होतं.

मेर्वी : तिथं हिल्क्काची सून असते. कुणासाठी विचारतेस म्हणाली असती.

यार्क्को : म्हणजे भीती रोगाची नव्हती.

मेर्वी : होती. पण लाज त्याहून मोठी होती. आता मला माझीच लाज वाटतेय. तुझ्याकडे बघवत नाही.

यार्क्को : मला वाटायचं, या घरात लाज मला एकट्यालाच आहे.

सिर्का : तुझे बाबा जन्मले रे त्या सौनात, तेव्हा बाळंतपणं तिथंच व्हायची. त्यांच्या पोराला मी दाराबाहेर ठेवलं.

यार्क्को : रडू नकोस. संध्याकाळच्या बसनं जाईन मी. पेटी राहू दे इथं. कधी खरंच बिघडली भट्टी, तर लागेल.

सिर्का : मेर्वी, लाकडं कुठं ठेवलीस?

मेर्वी : आई, पुन्हा तापायला दोन तास लागतील. त्याची बस चुकेल.

सिर्का : चुकू दे. आणि तो कागदी कप उचल आधी माझ्या डोळ्यांसमोरून. बाबांचा निळा कप काढ त्याला. हिल्क्का! अगं हिल्क्का! पुन्हा धूर दिसेल हं तुला! माझा यार्क्को आलाय! त्याच्यासाठी सौना पेटवतेय!

यार्क्को : आई, हळू. पाण्यावरून आवाज जातो.

सिर्का : जाऊ दे.